वॉर्डातून सीसीयूत: ठोक्यांची औषधं शिकताना

नोटीस १२ फेब्रुवारी २०२४ ला लागली. नर्सिंग ऑफिसबाहेरच्या बोर्डावर, ड्यूटीच्या तक्त्याशेजारी: सीसीयूसाठी, म्हणजे हृदयाच्या पेशंटच्या अतिदक्षता विभागासाठी, स्टाफ नर्स पाहिजेत, मेडिसिन वॉर्डचा दोन वर्षांचा अनुभव आवश्यक. सोलापुरातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी साडेचार वर्षं मेडिसिन वॉर्डात होते, म्हणजे अट पूर्ण होत होती. तरी अर्ज द्यायला मला चार दिवस लागले.

भीतीमागे २०२१ मधली एक नाईट होती. वॉर्डातल्या एका काकांचे ठोके अचानक १८० वर गेले. डॉक्टरांनी फोनवरूनच अमिओडॅरोन, बिघडलेले ठोके ताळ्यावर आणायचं इंजेक्शन, तयार ठेवायला सांगितलं. इमर्जन्सी ट्रॉलीतून अँप्यूल काढली आणि हात थांबला. हे सलाइनमध्ये घालायचं की डेक्स्ट्रोजमध्ये? किती वेळात द्यायचं? सोबतच्या सिस्टरलाही माहीत नव्हतं. सीसीयूतली एक सिनियर सिस्टर धावत खाली आली, तिने पाच टक्के डेक्स्ट्रोजची बाटली मागितली आणि पुढचं सगळं केलं. काका बरे होऊन घरी गेले. पण अँप्यूल हातात घेऊन उभी असलेली मी मला नंतर कित्येक महिने आठवत राहिले. जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, हे सगळं शिकवलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पेशंट समोर असताना त्यातलं काहीच आठवलं नव्हतं.

ज्यांच्यासमोर अशी नोटीस आहे आणि पोटात गोळा आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. यातले डोस आमच्या युनिटच्या प्रोटोकॉलप्रमाणे आहेत. तुमच्याकडचा प्रोटोकॉल भिंतीवर किंवा फाइलमध्ये असेल, तोच पाळा.

कागदपत्रांतच सहा आठवडे गेले. जीएनएमचं प्रमाणपत्र, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आणि त्याचं चालू नूतनीकरण, बीएलएसचं (हृदय बंद पडल्यावर जीव वाचवण्याच्या प्राथमिक प्रशिक्षणाचं) सर्टिफिकेट, हेपाटायटिस बी लसीची नोंद आणि वॉर्ड इन-चार्जचं ना-हरकत पत्र. माझं रजिस्ट्रेशन माहेरच्या नावाने आहे आणि आधार कार्ड सासरच्या. एचआरने अर्ज परत केला. शंभराच्या स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र करून घेतलं, टायपिंग आणि नोटरी धरून साडेतीनशे रुपये आणि एक वीकली ऑफ गेला. ज्यांची नावं अशी दोन आहेत त्यांनी हे काम नोटीस लागायच्या आधीच उरकून ठेवावं, त्याच्या चार प्रती लागतातच. ना-हरकत पत्राला सगळ्यात जास्त वेळ लागला. वॉर्डात आधीच दोन जणी कमी होत्या, त्यामुळे आमच्या इन-चार्ज सिस्टरना सही करणं जड जात होतं. मला त्यांचा राग आला नाही, चाळीस बेडांचा वॉर्ड दोघींवर चालवणं काय असतं ते मी रोज बघत होते.

१ एप्रिलला सीसीयूत रुजू झाले. दहा बेड. नवीन स्टाफला तीन महिने सुपरविजनमध्ये काम करावं लागतं. एक स्किल लॉगबुक मिळतं, त्यात चाळीस कामं लिहिलेली असतात आणि प्रत्येकापुढे तीन रकाने: पाहिलं, मदतीने केलं, स्वतः केलं. प्रत्येक रकान्यात सिनियरची सही. हाय-अलर्ट औषधं, चुकली तर जिवावर बेतणारी, म्हणजे पोटॅशियम, हेपारिन, इन्सुलिन, इनोट्रोप (हृदयाचा जोर वाढवणारी) आणि ठोक्यांची सगळी इंजेक्शनं, तोवर एकटीने द्यायची नाहीत.

पहिल्या आठवड्यात मला औषधाला हातच लावू दिला नाही. इन-चार्ज सिस्टरनी स्टेथोस्कोप दिला आणि दहाही बेडच्या पेशंटची नाडी मोजायला सांगितली. छातीवर पूर्ण एक मिनिट, मनगटावर पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची वॉर्डातली सवय तिथे मोडली. बेड ३ च्या बाईंना एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय विस्कटून ठोके अनियमित होणं) होतं, झडपेच्या जुन्या संधिवाताच्या आजारातून आलेलं. छातीवर ११२ ठोके भरले, मनगटावर ८६. मला वाटलं मी चुकले, पुन्हा मोजलं, पुन्हा तसंच. सिस्टर म्हणाल्या, "चुकली नाहीस. मधले सव्वीस ठोके इतके घाईचे आहेत की हृदय भरतच नाही, मग मनगटापर्यंत काय पोचणार?" याला पल्स डेफिसिट म्हणतात हे मला पाठ होतं. कानाने ते पहिल्यांदा ऐकलं. तेव्हापासून फिब्रिलेशनच्या पेशंटचा नुसता मनगटावरचा आकडा मी चार्टवर लिहीत नाही, आणि मॉनिटरवरचा हार्ट रेट उतरवून त्याला नाडी म्हणत नाही.

त्याच दिवशी त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती पुढच्या चार महिन्यांत रोज कामाला आली. "ऑर्डर डॉक्टर लिहितात. ते औषध आत गेल्यावर काय करतंय ते बघायला त्या बेडपाशी तूच असतेस." ठोक्यांची औषधं ठोके बिघडवूही शकतात. ज्या गोळीने लय ताळ्यावर येते तीच गोळी जास्त झाली, किंवा पोटॅशियम खाली गेलं, की नवीन लय बिघडते. म्हणून यांत द्यायच्या आधीचं एक मिनिट आणि दिल्यानंतरचा तास हे डोसइतकेच महत्त्वाचे.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात हे डोळ्यांसमोर घडलं. अशोक चौकाकडच्या एक सत्तरीच्या आजी वॉर्डातून आमच्याकडे आल्या. आयुष्य विड्या वळण्यात गेलेलं, मराठी मोडकंतोडकं, बोलणं सगळं तेलुगूत. चार दिवस जेवण बंद, मळमळ, उलट्या. बाहेर ॲसिडिटीची औषधं चालू झाली होती. नाडी ४६. आजींनी हात वर करून ट्यूबलाइटकडे दाखवलं आणि म्हणाल्या, "पसुपु, पसुपु." मला कळेना. आमच्या वॉर्डातल्या मावशी पद्मशाली आहेत, त्या फरशी पुसता पुसता थांबल्या. "लाइटला हळद लागलीय म्हणत्यात सिस्टर. सगळं पिवळं दिसतंय त्यांला."

इन-चार्ज सिस्टरनी तत्काळ गोळ्यांची पिशवी मागवली. नातवाने कॅरीबॅग आणली, त्यात डिगॉक्सिन ०.२५ (ठोके संथ करणारी), फ्रुसेमाइड (लघवीची गोळी), ॲसिट्रोम (रक्त पातळ करणारी), आणि दहा दिवसांपूर्वी दुसरीकडे सुरू झालेली अमिओडॅरोन. अमिओडॅरोन सुरू केली की रक्तातलं डिगॉक्सिन वाढतं, म्हणून डिगॉक्सिनचा डोस साधारण निम्मा करतात. तो कुणी कमी केला नव्हता. आपल्याकडे पुष्कळ डॉक्टर डिगॉक्सिन आठवड्यातून पाच दिवस लिहितात, शनिवार-रविवार सुट्टी. आजी सातही दिवस घेत होत्या, कारण चिठ्ठीवरचं "५/७" घरात कुणाला कळलं नव्हतं. वर लघवीच्या गोळीने पोटॅशियम २.९ वर आलेलं, आणि पोटॅशियम कमी असलं की डिगॉक्सिनचा विषार लवकर चढतो. क्रिएटिनिनही वाढलेलं, म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंद, औषध बाहेर पडायचा रस्ता अरुंद.

डिगॉक्सिनच्या लेव्हलसाठी रक्त घ्यायचं तर शेवटच्या गोळीनंतर निदान सहा तास झालेले हवेत, नाहीतर आकडा खोटाच मोठा येतो. म्हणून शेवटची गोळी कधी घेतली ते नातवाला विचारून ट्यूबच्या लेबलवर वेळ लिहिली. तपासणी आमच्याकडे होत नाही, नमुना बाहेर गेला, बाराशे रुपये आणि दोन दिवस. तोपर्यंत थांबायचं नव्हतं. डिगॉक्सिन आणि अमिओडॅरोन दोन्ही बंद, टेम्पररी पेसिंगची (मशीनने तात्पुरते ठोके देण्याची) तयारी, आणि पोटॅशियम. पोटॅशियम क्लोराइडच्या १० मिलीच्या एका अँप्यूलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट असतं आणि ते कधीही थेट शिरेत ढकलायचं नाही, हे मला पाठ होतं. तरी सिनियर ब्रदरने बाटलीत मिसळताना माझ्याकडून ते मोठ्याने म्हणवून घेतलं. हातावरच्या लाईनमधून तासाला १० मिलिइक्विव्हॅलंटपेक्षा जास्त नाही, बाटली नीट हलवून मिसळायची, मॉनिटर चालू आणि लघवीची नोंद ठेवायची. आमच्याकडे या अँप्यूल वेगळ्या कुलपात असतात, बाकीच्या इंजेक्शनांच्या ट्रेमध्ये त्या कधीच ठेवत नाहीत.

आजींना सहा दिवस लागले. सहाव्या दिवशी त्यांनी पेज मागितली आणि ट्यूबलाइटकडे बघून मान हलवली. मावशींनी विचारलं तर म्हणाल्या, पांढरी आहे.

मी घरी येऊन वाचत बसले. विल्यम विदरिंग या इंग्लिश डॉक्टरांनी १७८५ मध्ये डिजिटॅलिसच्या झाडावर, ज्यातून डिगॉक्सिनच्या जातीचं औषध निघतं, पुस्तक लिहिलं, त्यात जास्त झालेल्या औषधाची लक्षणं नोंदवताना वस्तू हिरव्या-पिवळ्या दिसतात असं लिहिलंय. सव्वादोनशे वर्षांहून जुनी नोंद, आणि आमच्या वॉर्डात ती ओळखायला मावशींचं तेलुगू लागलं. डिगॉक्सिनच्या पेशंटला आता मी तीन प्रश्न त्यांच्या भाषेत विचारते, दुभाष्या शोधून विचारते: जेवण जातं का, मळमळतं का, रंग वेगळे दिसतात का. गोळी द्यायच्या आधी छातीवर पूर्ण मिनिट नाडी. साठच्या खाली असेल तर गोळी हातात ठेवायची आणि डॉक्टरांना फोन. अनियमित नाडी अचानक अगदी नियमित आणि संथ झाली, तरीही फोन. ती बरं होण्याची खूण असेलच असं नाही.

११ मेला ईसीजीची लेखी चाचणी होती. मी नापास झाले. वीसपैकी आठ. मी आकृत्या पाठ केल्या होत्या, आणि पेपरात आकृत्या नव्हत्या, खऱ्या पेशंटांच्या खऱ्या पट्ट्या होत्या, थरथरलेल्या, निम्म्या पुसट. बाथरूममध्ये जाऊन रडले. मग ब्रदरनी एक पद्धत शिकवली: नाव शोधायच्या आधी चार गोष्टी लिहायच्या. वेग किती, अंतर सारखं की वेडंवाकडं, क्यूआरएस (खालच्या कप्प्यांची उंच रेघ) रुंद की अरुंद, पी (वरच्या कप्प्यांचा छोटा उंचवटा) आहे की नाही. अनियमित असेल तर सहा सेकंदांच्या पट्टीत ठोके मोजून दहाने गुणायचे. मी प्रत्येक ड्यूटीत तीन पट्ट्यांच्या झेरॉक्स घरी नेऊ लागले, पेशंटचं नाव आणि नंबर कापून टाकून. दोन रुपयांची एक झेरॉक्स. ज्याने मला सर्वात जास्त शिकवलं ते हेच. महिन्याभराने पुन्हा चाचणी दिली आणि पास झाले.

क्यूटी मोजायची सवयही तिथेच लागली. क्यूटी म्हणजे ईसीजीवर एका ठोक्यात क्यूपासून टी संपेपर्यंतचा वेळ, तो फार लांबला की जीवघेणी लय सुरू होऊ शकते. हे काम नर्सचं नाही असं मला वाटायचं. पण अमिओडॅरोन किंवा सोटॅलॉल चालू असलेल्या पेशंटला उलटी झाली की ओन्डान्सेट्रॉन आपण देतो, रात्री बडबडला की हॅलोपेरिडॉलची ऑर्डर येते, खोकल्याला ॲझिथ्रोमायसिन चालू असतं. ही सगळी क्यूटी लांबवणारी. तिन्ही ऑर्डर तीन वेगळ्या वेळी, तीन वेगळ्या डॉक्टरांनी लिहिलेल्या असू शकतात, आणि एकत्र दिसतात त्या फक्त आपल्या ट्रीटमेंट शीटवर. ठोक्यांच्या वेगाचा हिशेब धरून दुरुस्त केलेला क्यूटी ५०० मिलिसेकंदांच्या वर दिसला की पुढचा डोस देण्याआधी विचारायचं. टॉर्साड, म्हणजे क्यूटी लांबल्याने येणारी ती लय, झालाच तर मॅग्नेशियम दोन ग्रॅम, म्हणजे आपल्याकडच्या ५० टक्क्यांच्या २ मिलीच्या दोन अँप्यूल. त्यानंतर गुडघ्याचा रिफ्लेक्स, श्वास आणि लघवी बघत राहायचं, उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट जवळ ठेवायचं.

एसीएलएस, म्हणजे बीएलएसच्या पुढच्या, औषधं आणि शॉकसकटच्या कोर्ससाठी १५ आणि १६ जूनला पुण्याला गेले. आधीच्या बीएलएसची मुदत संपत आली होती म्हणून दोन्ही मिळून केले, साडेनऊ हजार रुपये. आदल्या दिवशी हुतात्मा एक्सप्रेसने, मुक्काम मावसबहिणीकडे. सर्टिफिकेट दोन वर्षं चालतं. हॉस्पिटल निम्मी फी परत देतं, पण फायनल असेसमेंट पास झाल्यावर, आणि मूळ पावती लागते. पावतीवर कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनवरचंच नाव घालून घ्या. मला ते प्रतिज्ञापत्र तिथेही जोडावं लागलं.

तिथल्या एका सरांनी कास्ट या अभ्यासाबद्दल सांगितलं. हार्ट अटॅकनंतर मधे मधे पडणारे जास्तीचे ठोके औषधाने थांबवले तर माणसं जास्त जगतील असा समज होता. १९८९ मध्ये दिसलं की एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड घेणाऱ्यांत, ठोके कमी होऊनही, मृत्यू जास्त झाले. मॉनिटरवर एखादा वेडा ठोका आला की मी धावत डॉक्टरांकडे जायचे आणि ते "बघत राहा" म्हणायचे, तेव्हा मला ते हलगर्जी वाटायचे. त्या दिवशी त्यांचं म्हणणं कळलं.

परत आल्यावर चारच दिवसांत ॲडेनोसिनची, म्हणजे अतिवेगाची लय क्षणभर थांबवून जागेवर आणणाऱ्या इंजेक्शनची, पाळी आली. अठ्ठावीस वर्षांची एक शिक्षिका, ठोके १९६, अरुंद आणि नियमित, बीपी ठीक. आधी सुधारित वल्साल्व्हा करून बघितली. अर्धवट बसवून १० मिलीच्या सिरिंजमध्ये पंधरा सेकंद फुंकायला लावायचं, आणि लगेच आडवं करून पाय वर उचलायचे. २०१५ च्या एका ब्रिटिश चाचणीत या पद्धतीने ४३ टक्के पेशंटची लय जागेवर आली होती, नुसत्या फुंकण्याने १७ टक्के. पैसे लागत नाहीत, औषध लागत नाही, पण पाय धरायला दोन माणसं आधीच उभी हवीत. आमच्या पेशंटला उपयोग झाला नाही.

मी विचारलं, दमा आहे का, दम्याच्या गोळ्या घेता का, डेरीफायलीन? चहा कधी घेतला? थिओफायलीन आणि कॅफीन ॲडेनोसिनचा परिणाम अडवतात, आणि दम्यात ते औषधच धोक्याचं. त्यांना काहीच नव्हतं. पहिले ६ मिलिग्रॅम दिले, काही झालं नाही. चूक माझ्या लाईनची होती. मी हाताच्या पाठीवर छोटी निळी कॅन्युला घातली होती. ॲडेनोसिन रक्तात दहा सेकंदही टिकत नाही, तिथून हृदयापर्यंत जाताजाताच ते संपलं. ब्रदरनी कोपराच्या घडीत १८ नंबरची हिरवी घातली. थ्री-वेला (तीन तोंडांच्या जोडणीला) दोन सिरिंज लावल्या, एकीत औषध, दुसरीत २० मिली सलाइन. औषध एका दमात, पाठोपाठ सलाइन, आणि हात वर. या औषधाची व्हायल फ्रिजमध्ये ठेवायची नाही, स्फटिक होतात. आमच्याकडे कुणीतरी बाकीच्या इंजेक्शनांबरोबर ती फ्रिजमध्ये ठेवली होती, तीही त्याच दिवशी बाहेर काढली.

दुसरा डोस द्यायच्या आधी मी त्यांचा हात धरला आणि सांगितलं, "ताई, आता दहा सेकंद फार वाईट वाटेल. छातीवर दगड ठेवल्यासारखं, अंगातून गरम वाफ गेल्यासारखं, जीव जातोय असं. ते औषधामुळे होणार आहे आणि लगेच जाणार आहे. मी इथेच आहे." पट्टी चालू केली. १२ मिलिग्रॅम. पडद्यावरची रेघ सपाट झाली, किती सेकंद ते मोजलं नाही, मला ते फार लांब वाटले. मग एक ठोका, मग दुसरा, मग ८८. त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडीचा वळ उठला. थोड्या वेळाने म्हणाल्या, "तुम्ही आधी सांगितलं म्हणून, नाहीतर मी मेलेच असं वाटलं असतं." हे सांगणं लॉगबुकच्या कुठल्याच रकान्यात नाही. मी तिथे पेनने लिहून ठेवलंय.

आता माझी चूक, जी मी टाळू शकले असते.

जूनचा शेवटचा आठवडा, नाईट. हार्ट अटॅकनंतर व्हीटी (हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून उठणारी घातक वेगवान लय) झालेले बासष्ट वर्षांचे काका, अमिओडॅरोन चालू. पहिले १५० मिलिग्रॅम दहा मिनिटांत डेक्स्ट्रोजमधून गेले होते. तेव्हा बीपी घसरतं म्हणून दर दोन मिनिटांनी बघितलं होतं. नंतरची ड्रिप: ९०० मिलिग्रॅम, ५०० मिली डेक्स्ट्रोजमध्ये. मिलीला १.८ मिलिग्रॅम. पहिले सहा तास मिनिटाला १ मिलिग्रॅम, म्हणजे पंपावर तासाला ३३.३ मिली, पुढचे अठरा तास निम्मं, १६.७. पंपावर चिकटपट्टी लावून त्यावर वेग बदलायची वेळ लिहिली होती, ती बरोबर पाळली. हेपारिन आणि सोडाबायकार्ब त्या लाईनमधून जाऊ दिलं नाही. सगळं जमत होतं.

सेंट्रल लाईन, म्हणजे हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतली नळी, नव्हती. मिलीला दोन मिलिग्रॅमपेक्षा घट्ट नसेल तर हातावरच्या शिरेतून देता येतं, पण हे औषध शिरेला भाजतं, म्हणून दर तासाला ती जागा बघायची. तीन वाजता काकांना नुकतीच झोप लागली होती. हात चादरीखाली. उठवायला जिवावर आलं. मी चार्टवर लिहिलं, "लाईन ठीक." चार वाजताही तसंच. पाच वाजता ते स्वतःच कण्हले. चादर काढली तर कॅन्युलापासून वर कोपराकडे चार बोटं लाल रेघ, शीर दोरीसारखी कडक. ड्रिप थांबवली, दुसऱ्या हाताला मोठ्या शिरेत नवीन लाईन घेतली, डॉक्टरांना कळवलं, सुरू केली. औषधात खंड पडला तो बारा मिनिटांचा. शिफ्ट संपायच्या आत इन्सिडेंट फॉर्म भरला, दोन पानं.

सकाळी इन-चार्ज सिस्टरनी फॉर्म वाचला, चार्ट वाचला. आवाज न चढवता विचारलं, "तीन वाजता बघितलंस की लिहिलंस?"

मी खरं सांगितलं. त्यांनी फॉर्मवर माझ्याकडूनच तसं लिहवून घेतलं आणि लॉगबुकमधली अमिओडॅरोनची "स्वतः केलं" ही सही खोडली. ती परत मिळायला तीन आठवडे गेले. मी काकांना आणि काकूंना जाऊन सांगितलं की हात तासातासाला बघायचा होता आणि मी दोनदा पाहिला नाही. काकू काही बोलल्या नाहीत. काका म्हणाले, "झोपेत होतो, मलाही कळलं नाही." हात दोन आठवडे दुखत होता त्यांचा. त्यानंतर मी पारदर्शक ड्रेसिंगच लावते, हात चादरीवर ठेवते आणि पेशंटला संध्याकाळीच सांगून ठेवते की रात्री तासातासाला हात बघायला येणार आहे, झोप मोडेल, रागावू नका. कुणीच रागावत नाही.

१७ जुलैला आषाढी होती. त्या आठवड्यात पंढरपूरच्या बाजूने पेशंट येत होते, त्यात दोघे वारीत गोळ्या बंद केलेले. एक आजोबा वर्षभर मेटोप्रोलॉल घेत होते, एकादशीचा उपवास म्हणून दोन दिवस बंद, नाडी १५०. मेटोप्रोलॉलसारखा बीटा ब्लॉकर, म्हणजे ठोके संथ ठेवणारी गोळी, असा एकदम थांबवला की ठोके उसळून येतात. त्यांना मेटोप्रोलॉल शिरेतून दिलं, ५ मिलिग्रॅम दोन मिनिटांत, घड्याळ समोर ठेवून, दर डोसआधी बीपी आणि छातीत शिट्टी वाजते का ते ऐकून. त्यांना साखरही होती. या गोळीने साखर उतरल्यावरची धडधड झाकली जाते, घाम मात्र येतो, म्हणून घाम आला की ग्लुकोमीटर, हे मी त्यांच्या सुनेला दोनदा सांगितलं. मग आम्ही मोठ्या अक्षरांत मराठी कार्ड केलं: उपवासाच्या दिवशीही ठोक्यांची गोळी पाण्याबरोबर घ्यायची, गोळी उपवास मोडत नाही. मावशींनी तेच तेलुगूत सांगून दुसरं लिहून घेतलं.

फायनल असेसमेंट २९ जुलैला झालं. खरं तर जूनअखेर व्हायचं होतं, खोडलेल्या सहीमुळे आणि परीक्षक रजेवर असल्यामुळे पुढे गेलं. अर्धा तास लेखी, त्यात पाच हिशेब, कॅल्क्युलेटर चालतो पण मांडणी दाखवावी लागते. मग तोंडी. मला विचारलं, अमिओडॅरोनच्या गोळ्या घेऊन पेशंट घरी चाललाय, रक्त पातळ करणारं वॉर्फरिनही चालू आहे, काय सांगशील? मी सांगितलं: आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ती तपासणी) लवकर आणि वारंवार, कारण अमिओडॅरोनने तो वाढतो आणि वॉर्फरिन कमी करावं लागतं. हिरड्यांतून रक्त, काळी शी झाली तर लगेच यायचं. मेथी-पालक बंद नाही, पण रोजचं प्रमाण सारखं. टीएसएच (थायरॉइडची) आणि लिव्हरची तपासणी दर सहा महिन्यांनी, कारण दोनशेच्या एका गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन असतं. कोरडा खोकला, दम लागला तर दुर्लक्ष नको. सोलापूरच्या उन्हात पूर्ण बाह्या आणि डोक्यावर कापड. आणि गोळी बंद केली तरी तिचा अंमल कित्येक आठवडे राहतो, तेव्हा नवीन डॉक्टरांना "पूर्वी घेत होतो" हेही सांगायचं. डोळ्यांची तपासणी मी विसरले. ती परीक्षकांनी सांगितली.

पास झाल्याचं पत्र पाच दिवसांनी आलं. फीचे ४,७५० रुपये सप्टेंबरच्या पगारात जमा झाले.

एकटीने हाय-अलर्ट औषधं द्यायची पहिली नाईट ६ ऑगस्टला होती. दोन पेशंट माझ्याकडे, त्यातल्या बेड ७ च्या आजोबांना अमिओडॅरोनची ड्रिप. संध्याकाळच्या ओव्हरमध्ये, म्हणजे ड्यूटी ताब्यात घेताना, मी इन-चार्ज सिस्टरसमोर पंपाचा आकडा, बाटलीवरचं लेबल, वेग बदलायची वेळ मोठ्याने वाचली. त्या निघून गेल्या.

तीन वाजता टॉर्च घेऊन गेले. आजोबांनी झोपेत हात चादरीखाली ओढून घेतला होता. चादर बाजूला केली, कॅन्युलाच्या वरची शीर बोटांनी हलकेच दाबून पाहिली. मऊ होती. ते जागे झाले. "काय झालं बाई?"

"काही नाही आजोबा, हात बघतेय."

"मघाशी पण आलीस ना तू?"

"हो. चार वाजता परत येईन."


त्यांनी हात चादरीवर काढून ठेवला आणि डोळे मिटले.